दमा किंवा हृदयविकार असलेलं माणूस घरात असेल तर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत हवेनुसार दिनक्रम कसा बदलावा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला उठायचं, कानटोपी-स्वेटर चढवायचा आणि फिरायला निघायचं, ही आपल्याकडे आदर्श सवय मानली जाते. पण ज्यांना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा ज्यांचा रक्तदाब गोळ्यांवर टिकून आहे, त्यांच्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर अशा शहरांत चोवीस तासांतली ही सर्वांत वाईट वेळ असते. फिरणं चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. हवेची काळजी घेणं म्हणजे बहुतेक वेळा आपल्या दिवसाचं घड्याळ मागे-पुढे सरकवणं असतं. शिवाय हिवाळ्यात ते ज्या दिशेला सरकवायचं, उन्हाळ्यात त्याच्या नेमकं उलट.

हिवाळ्याच्या पहाटे काय होतं

रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते. वर तुलनेनं उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या, पेटवलेला कचरा, सगळं या झाकणाखाली कोंडून राहतं. ऊन चढून जमीन तापली की झाकण उठतं. म्हणून हिवाळ्यात पीएम २.५ हे बारीक कण साधारण रात्री आठनंतर वाढू लागतात, सकाळी नऊ-दहापर्यंत चढेच राहतात आणि दुपारी एक ते चारच्या दरम्यान सर्वांत कमी असतात. मुंबईत दुपारी समुद्रावरून येणारा वारा हवा धुऊन काढतो. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही मंद.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. नाकातले केस आणि चिकट द्रव मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे सूज येते, आणि ती फुप्फुसापुरती राहत नाही. रक्तात गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या आखडतात, आधीच साचलेला चरबीचा थर फुटण्याची शक्यता वाढते. हवा बिघडलेल्या दिवसांत दम्याच्या रुग्णांबरोबर हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचे रुग्णही वाढतात, ते याच वाटेनं.

त्यात थंडीची भर पडते. गारठ्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. पहाटे उठल्यावर नाडी आणि रक्तदाब एरवीही वाढतातच. थंड कोरडी हवा श्वासनलिका आवळते. झपझप चालू लागलं की मिनिटाला सहा लिटरच्या आसपास असलेला श्वास कित्येक पटींनी वाढतो, आणि दम लागला की माणूस तोंडानं श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच राहते. या सगळ्या गोष्टी पहाटे साडेपाचला एकाच वेळी जुळून येतात.

आकडा कसा वाचायचा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप किंवा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ सेवा बघावी. आपल्या देशातल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषक धरतात आणि त्यांतल्या सर्वांत वाईट घटकाचा उपनिर्देशांक हाच त्या दिवसाचा आकडा ठरतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर.

इथे तीन ठिकाणी लोकांची गफलत होते. पहिली, कणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवरून काढतात. सकाळी सातला दिसणाऱ्या आकड्यात कालची स्वच्छ दुपारही मिसळलेली असते, म्हणून या क्षणाची हवा त्याहून बरीच वाईट असू शकते. बाहेर पडायचं की नाही हे ठरवताना पीएम २.५ चा तासागणिक आलेख बघावा. दुसरी, मोबाइलमधली काही ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पट्टीवर निर्देशांक १०० येतो, अमेरिकी पट्टीवर तोच दीडशेच्या वर जातो. दोन्ही बरोबर आहेत. कुठलीही एक पट्टी धरावी आणि तिलाच चिकटून राहावं. तिसरी, ‘समाधानकारक’ हा शब्द. पीएम २.५ साठी भारताची दिवसाची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सुचवलेली १५. निरोगी माणसाला जे चालून जातं ते सीओपीडीच्या रुग्णाला चालेलच असं नाही.

रुग्णासाठी आमचा ढोबळ हिशेब असा. त्या तासाचं पीएम २.५ तीसपर्यंत असेल तर नेहमीचं सगळं करावं. तीस ते साठ असेल तर चालावं, पळू नये, चढ टाळावा. साठ ते नव्वद असेल तर बाहेरचा वेळ निम्मा करावा. नव्वदच्या वर घरातच हातपाय हलवावेत आणि बाहेर जाणं भागच असेल तर मास्क लावावा. जवळचं केंद्र चार किलोमीटरवर आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटचा प्लांट असेल, तर आकड्यापेक्षा छातीतल्या घरघरीवर विश्वास ठेवावा.

फिरण्याची वेळ आणि रस्ता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरणं सकाळी दहानंतर किंवा दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान न्यावं. नोकरीमुळे जमत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं. निघण्यापूर्वी घरातच दहा मिनिटं हळूहळू अंग मोकळं करावं. नाकातोंडावर मफलर घेतला तर आत जाणारी हवा थोडी कोमट होते, श्वासनलिका आवळत नाहीत. मात्र बारीक कण तो अडवत नाही. मुख्य रस्त्याच्या कडेनं चालण्यापेक्षा एक-दोन गल्ल्या आतून जावं, धूर तेवढ्यानंही कमी होतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दम्याच्या रुग्णानं दहा-पंधरा मिनिटं आधी आराम देणारा पंप (इनहेलर) घ्यावा. भरपेट जेवून लगेच निघू नये.

फिरणं बंद मात्र करू नये. महिनाभर बसून राहिल्यानंही हृदयरुग्णाचं नुकसानच होतं.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत रुग्णानं आतल्या खोलीत, खिडक्या लावून राहावं. आवाज नसलेले फटाके निरुपद्रवी, हा समज काढून टाका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वांत जास्त पीएम २.५ निघालं ते नागगोळीतून. ती लहान मुलं जमिनीवर वाकून, नाक जवळ नेऊन पेटवतात.

मास्क

पुण्यात दुचाकीवरच्या मुली चेहऱ्याला जो स्कार्फ गुंडाळतात तो ऊन आणि मोठी धूळ अडवतो, पीएम २.५ पुढे त्याचा फारसा उपयोग नाही. सर्जिकल मास्क कडेनं उघडा राहतो. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्यावा. तो नाकावर ठेवून वरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकारात दाबावी, एका हाताच्या चिमटीनं नाही. चिमटीनं दाबली की मधे चोच तयार होते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला, चष्म्यावर वाफ धरली, तर बसवणूक सैल आहे. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. मास्क धुऊ नये, धुतला की त्याची गाळण्याची ताकद जाते. इलास्टिक सैल पडलं किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागलं की बदलावा. ज्यांना बसल्या जागी धाप लागते त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एन-९५ घालून चालू नये.

घरातला धूर

बाहेरच्या हवेबद्दल बोलताना आपण घरातली विसरतो. डासांची एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे बारीक कण सोडते, ते मोजमापात ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले आहेत. ती रुग्णाच्या उशाशी, बंद खोलीत रात्रभर जळत असेल तर औषधांचा बराचसा फायदा तिथेच वाया जातो. मच्छरदाणी लावावी, खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात. देवापुढे तेलाची किंवा तुपाची वात लावावी. अगरबत्ती आणि धूप रुग्णाच्या खोलीपासून दूर ठेवावेत. मिरचीची फोडणी देताना आधी एक्झॉस्ट फॅन लावायचा, मग गॅस पेटवायचा, आणि आच बंद केल्यावर पाच मिनिटं पंखा चालू ठेवायचा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावं.

खेड्यात चूल, ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट आणि कोकणात राब भाजणं (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळणं), यांचा धूर शहरातल्या धुरापेक्षा कमी घातक मुळीच नसतो. बायकांमध्ये सिगारेट न ओढताही सीओपीडी होतो त्याचं मोठं कारण चूल. गॅस घरात आला असेल तरी पाण्याचा बंब आणि भाकरी अनेक घरांत लाकडावरच असते. निदान रुग्णानं त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर बसावं, आणि ती रुग्ण घरातली बाईच असेल तर चुलीपुढे दुसऱ्यानं बसावं.

थंडीत खिडक्या दुपारी बारा ते चार उघड्या, रात्री बंद ठेवाव्यात. पण याच सल्ल्यात एक जीवघेणा धोका आहे: बाथरूममधला गॅस गिझर आणि बंद खोलीत उबेसाठी ठेवलेली कोळशाची शेगडी. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे माणूस डोकं जड झालं म्हणता म्हणता बेशुद्ध पडतो. हृदयरुग्ण तर आणखी लवकर. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्यावा. तो आत असेल तर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, खिडकी-दार पाच मिनिटं उघडं ठेवायचं आणि मगच आंघोळीला बसायचं. शेगडी झोपायच्या खोलीत नकोच.

एअर प्युरिफायर घ्यायचाच असेल तर हिशेब करून घ्या. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी म्हणून ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. खोक्यावर सीएडीआर नावाचा, यंत्र किती स्वच्छ हवा देतं ते सांगणारा आकडा ताशी घनमीटरमध्ये असतो, तो किमान एवढा हवा. फिल्टर हेपाच (बारीक कण अडवणारा) असावा, ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नये. दार-खिडकी लावलेली असेल तरच उपयोग होतो, आणि फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तो नुसता पंखाच राहतो. साधा एसी पीएम २.५ गाळत नाही.

बाल्कनीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावा. वाळलेल्या विष्ठेची भुकटी वारंवार श्वासात गेल्यानं काहींना फुप्फुसाची जी ॲलर्जिक सूज येते, ती पुढे फुप्फुस कडक करू शकते. साफ करताना आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, कोरडं खरवडू नका.

दिवाळीआधीची डॉक्टरभेट

त्रास सुरू झाल्यावर जाण्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावं. दम्यात दोन प्रकारचे पंप असतात. सूज कमी ठेवणारा रोजचा, आणि दम लागल्यावर आराम देणारा. बहुतेक घरांत होतं असं, की बरं वाटलं म्हणून रोजचा बंद होतो आणि आराम देणारा तेवढा खिशात राहतो. सूज आत वाढत राहते आणि पहिल्या वाईट हवेला रुग्ण दवाखान्यात पोहोचतो. आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर दमा ताब्यात नाही, असं समजावं. पंपाची सवय लागते हा समज खोटा आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी तो फेकत नाही.

भेटीच्या वेळी पंप सोबत न्यावा आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवावा. फवाऱ्याचा पंप असा घ्यायचा: हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू श्वास घेता घेता एकदाच दाबा, दहा सेकंद रोखा. दुसऱ्या फवाऱ्याआधी अर्धा-एक मिनिट थांबा. वयस्कर माणसांना दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. त्यांना स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) द्यावाच. कॅप्सूलच्या कोरड्या पावडरीचं याच्या उलट: श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो. त्यात हमखास होणारी चूक म्हणजे तोंडाला लावलेल्या यंत्रातच श्वास सोडणं. वाफेनं पावडर ओलसर होते आणि कॅप्सूलमध्येच चिकटून राहते. घेऊन झाल्यावर कॅप्सूल उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. रोजचा, म्हणजे स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली उत्तम. न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या न्यूमोकोकलच्या लशीबद्दलही विचारून घ्यावं.

हृदयरुग्णांनी थंडीत रक्तदाब घरी मोजावा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दोन-दोन वेळा. आठवडाभराची वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर डोस बदलायचा का हे त्यांना ठरवता येतं. उन्हाळ्यात तोच डोस जास्त होऊ शकतो.

दम्याच्या रुग्णासाठी पीक फ्लो मीटर ही फुंकरीचा जोर मोजणारी छोटी नळी प्युरिफायरपेक्षा जास्त कामाची आहे, असं आमचं ठाम मत आहे. उभं राहून, पूर्ण श्वास भरून, एका झटक्यात फुंकर मारायची. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तब्येत चांगली असताना दोन आठवड्यांत आलेला सर्वोच्च आकडा तो आपला. समजा तो ४०० आहे. ३२० च्या वर ठीक. ३२० ते २०० म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला वाढीव औषधांचा आराखडा सुरू करायचा. २०० च्या खाली थेट दवाखाना. बऱ्याचदा छाती भरल्याचं जाणवण्याआधी एक-दोन दिवस हा आकडा उतरू लागतो.

मार्चनंतर घड्याळ उलटं

उन्हाळ्यात पहाटेची वेळ चांगली आणि दुपारची वाईट. कडक उन्हात वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो दुपारी सर्वांत जास्त असतो आणि श्वासनलिकांना झोंबतो. फिरणं सकाळी साडेसहा-सातला आणावं.

उष्णतेत शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, घाम गाळतं, हृदय जोरात धडधडतं. हवामान खातं सपाट प्रदेशात ४० अंश आणि किनाऱ्यावर ३७ अंश हा उष्णतेच्या लाटेचा किमान उंबरठा धरतं. किनाऱ्यावर कमी, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि वाळला नाही तर अंग गार होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यासाठी उन्हात बसलेली माणसं दगावली, तेव्हा पारा विदर्भाइतका चढलेला नव्हता.

लघवी वाढवणारी गोळी, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारं औषध) आणि रक्तदाबाची काही औषधं उन्हाळ्यात अंगावर येऊ शकतात: उठल्यावर अंधारी, लघवी कमी, पायात गोळे. ती स्वतःहून बंद करू नका. मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा. ‘भरपूर पाणी प्या, ताक प्या, ओआरएस घ्या’ हा सल्ला हृदय कमजोर असलेल्याला जसाच्या तसा लागू नाही. ताक, पन्हं, ओआरएस सगळ्यांत मीठ असतं. अशा रुग्णानं रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, फोन करा. वजन भराभर उतरत असेल आणि चक्कर येत असेल तरीही करा.

हवा ४० अंशांच्या वर तापली की पंखा अंगावर गरम झोत मारतो. त्यापेक्षा अंग ओल्या फडक्यानं पुसावं. पंप आणि छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळ्या दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत.

पावसाळा

कण पावसानं धुतले जातात, जुलै-ऑगस्टची हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ. तरीही दमा उसळतो, कारण भिंतीची बुरशी, गाद्या-गोधड्यांमधले सूक्ष्म कीटक आणि फ्लू. उशांचे अभ्रे, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवाव्यात. मेमध्येच गळती बुजवावी; ओल्या भिंतीवर रंग दिला तर बुरशी त्याच्या आडून वाढते. पंपाच्या कॅप्सूल मूळ पाकिटातच ठेवाव्यात, दमट हवेत त्या मऊ पडतात आणि नीट फुटत नाहीत.

तातडीच्या वेळी

दम्याचा झटका आला तर रुग्णाला ताठ बसवा, आडवं करू नका. आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक फवारा करून चार द्या, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही नाही, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पंप देत राहा. घरघर अचानक थांबली आणि रुग्ण मलूल झाला तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा आत जाणंच थांबलेलं असू शकतं.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. एरवी ९५ च्या वर असणाऱ्याचा आकडा ९२ खाली आला तर थांबू नका. जुन्या सीओपीडीत ८८ ते ९२ हा नेहमीचा आकडा असू शकतो. अशा रुग्णाला घरच्या सिलिंडरमधून मनानं ऑक्सिजन वाढवून देऊ नका, त्यानं श्वास मंदावू शकतो.

हार्ट अटॅकची लक्षणं: छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसती धाप, मळमळ किंवा ‘गॅस’. जेलुसिल पाजून वाट बघण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. रुग्णाला बसवा, चालवू नका, त्याला गाडी चालवू देऊ नका. १०८ वर विचारून, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्यावी. शेजाऱ्यानं आणून दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच खाली असेल तर ती धोक्याची ठरते. ज्यांना ती डॉक्टरांनी दिली आहे त्यांनीही बसूनच घ्यावी.

जवळच्या कुठल्या रुग्णालयात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते हे आजच शोधून ठेवा. एका कागदावर औषधांची नावं आणि डोस, ॲलर्जी, नेहमीचा रक्तदाब, पीक फ्लो आणि ऑक्सिजनचा आकडा, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ लिहा, आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला, किल्ल्या टांगतो तिथे चिकटवा.